पांढरा ट्रे

आमच्या घरी व्हरांड्यातल्या फळीवर दोन भांडी होती, जी स्वयंपाकघरात कधीच जायची नाहीत. एक काळी पसरट बशी आणि एक पांढरा एनॅमलचा किडनी ट्रे. बशी दुधासाठी. म्हशीच्या प्रत्येक सडातली पहिली धार आबा तिच्यात काढायचे आणि बशी उजेडाकडे तिरकी धरून बघायचे. दुधात बारीक गुठळी असली तर पांढऱ्या भांड्यात ती लपते, काळ्यावर लगेच उठून दिसते. कासदाहाची ती पहिली खूण. ट्रेचं काम बरोबर उलटं. तो मूळचा दवाखान्यातलाच, पण कडेचं एनॅमल दोन ठिकाणी उडाल्यामुळे सुया-कात्र्यांच्या कामातून बाद झालेला. त्यात आबा आमच्या बुलेटचं तेल काढायचे. दूध काळ्यात बघायचं, तेल पांढऱ्यात. दोन्ही भांडी पुसायची फडकी वेगळी होती आणि ती चुकून अदलाबदल झालेली त्यांना खपत नसे.

आबा जनावरांचे डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं राधानगरी तालुक्यात गेली. तिथल्या वाड्या-वस्त्या एकमेकींपासून लांब, मधे डोंगर, आणि पाऊस असा की जूनमध्ये वाळत घातलेलं कांबळं गणपतीपर्यंत ओलसरच राहायचं. या सगळ्यातून फिरायला त्यांच्याकडे १९९३ सालची साडेतीनशे सीसीची बुलेट होती. जुन्या बिडाच्या सिलिंडरची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. मागच्या कॅरिअरला कृत्रिम रेतनासाठी लागणारा द्रव नत्राचा डबा बांधलेला, तो हिंदकळू नये म्हणून भोवती गोणपाट. ती गाडी लांबून येताना ऐकू आली की खोड्यात बांधलेली जनावरंसुद्धा कान टवकारतात, असं लोक सांगायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी मला पहिल्यांदा गाडीजवळ बसवून घेतलं. म्हणाले, गाईच्या पोटात किती कप्पे? हे मला पाठ होतं. चार. मग म्हणाले, या गाडीलाही तेलाचे कप्पे आहेत, मोज. इंजिनाचं एक. गिअरबॉक्सचं दुसरं. पुढच्या शॉकअपमधलं धरलं तर तिसरं. आणि चौथं इथं, असं म्हणून त्यांनी गाडीच्या डाव्या अंगाच्या लांबट झाकणावर टिचकी मारली. इंजिनापासून मागे गिअरबॉक्सपर्यंत गेलेलं, दोन्ही टोकांना गोल, हात फिरवावासा वाटणारं ॲल्युमिनियमचं झाकण. "याला लोक विसरतात," आबा म्हणाले.

पुस्तकात त्याचं नाव प्रायमरी चेनकेस. आमच्या भागातल्या मिस्त्रींच्या तोंडी मात्र ते क्लचकेस, आणि आतलं तेल म्हणजे क्लच ऑइल. मला दोन्ही नावं आवडतात. प्रायमरी म्हणजे पहिली, आणि ती खरोखरच पहिली आहे. स्फोटानं पिस्टन खाली ढकलला, क्रँक फिरला, की त्या ताकदीचं पहिलं पाऊल या झाकणाआड पडतं. क्रँकच्या डाव्या टोकाला दातेरी चक्र, त्यावरून दुपदरी चेन, ती मागे क्लचच्या मोठ्या चक्रावर. इंजिन दोनदा आणि वर थोडं फिरतं तेव्हा क्लच एकदा फिरतो. म्हणजे इंजिनाच्या घाईला पहिला लगाम इथं बसतो. मग गिअरबॉक्स, मग मागची चेन, मग चाक, मग रस्ता. मागची चेन उघडी असते. तिच्यावर चिखल उडतो, ती वाजते, तिच्याकडे कुणाचंही लक्ष जातं. ही पुढची चेन तेलात, अंधारात, गुपचूप चालते. साडेतीनशेच्या इंजिनाची १८ अश्वशक्ती रोज तिच्यावरून जाते आणि वर्षानुवर्षं तिचं तोंड कुणी बघत नाही.

आणि ती तिथं एकटी नाही. क्लचच्या प्लेटा त्याच तेलात. गाडीची वीज तयार करणारा अल्टरनेटर, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी आणि त्यांच्या मधे फिरणारं चुंबक, तेही त्याच झाकणाआड. हेडलाइटचा उजेड तेलात बुडालेल्या तारेतून येतो, हे मला कळलं तेव्हा ते खरं वाटेना.

आबांचा नेम वर्षातून दोनदा तेल बघायचा. एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर. मे महिन्याचं कारण सोपं होतं. पावसाआधी गावोगाव जनावरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचायची असे. ती मोहीम संपली की येणारा पहिला रविवार गाडीचा. "त्यांचं झालं, आता हिचं," असं म्हणून ते बनियनवर अंगणात यायचे. आधी धरणापर्यंत एक चक्कर. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाला बसलेला गाळ अंगात घेऊन निघतं. थंड तेल काढलं तर गाळ मागेच राहतो. परत आल्यावर मात्र दहा मिनिटं गाडीला हात लावायचा नाही. चेननं वर उडवलेलं, भिंतींना चिकटलेलं तेल खाली उतरायला तेवढा वेळ लागतो.

मग गाडी मधल्या स्टँडवर. बाजूच्या स्टँडवर ती डावीकडे कलते, आणि क्लचकेस डावीकडेच, त्यामुळे पातळी खोटी दिसते. आमचं अंगण शहाबादी फरशीचं, पाणी वाहून जायला मुद्दाम उतार दिलेलं. आबा सलाईनची अर्धी भरलेली बाटली फरशीवर आडवी ठेवायचे, आतल्या हवेचा फुगा कुठं जातोय ते बघायचे आणि स्टँडच्या एका पायाखाली लाकडाची चिपटी सारायचे. पुन्हा बाटली, पुन्हा फुगा. फुगा मधे थांबला की माझ्याकडे बघून मान हलवायचे.

झाकण काढणं हा त्या सकाळचा सगळ्यात सुंदर भाग होता. आधी डावं फुटरेस्ट, मग ब्रेकचं पेडल. ती बाजूला झाली की झाकण मोकळं दिसायचं. हातभर लांबीच्या या झाकणाला मध्यावर फक्त एक नट. कडेनं दहा-बारा स्क्रू नाहीत, कोपऱ्यांत बोल्ट नाहीत. एक नट, आणि कडेच्या खाचेत सगळीकडून फिरलेली रबराची रिंग. नट सोडून हाताच्या तळव्यानं झाकणाला दोन-तीन बाजूंनी हलकं थोपटायचं. रबर सुटलं की खालच्या फटीतून तेलाची पहिली रेघ उतरते. त्याखाली ट्रे आधीच धरलेला हवा.

"बदलायला कुणीही बदलतं. आधी बघ." हे आबांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. तेल ट्रेमध्ये पसरलं की ते चिमटीत घेऊन चोळायचे, नाकाशी न्यायचे, मग ट्रे हळूच कलता करून एनॅमलवरून पातळ थर ओघळू द्यायचे. थर पातळ झाला की मागचं पांढरं दिसतं आणि तेलात काय आहे ते कळतं. चांगलं तेल जुनं झालं तरी तपकिरी दिसतं, काकवीसारखं. काळं झालं असेल आणि त्याला करपट वास येत असेल, तर क्लच घसरतोय, प्लेटा तापतायत. चमक दिसली तर धातू झिजतोय. पण कुठला धातू, ते डोळ्यांना कळत नाही, त्याला चुंबक लागतं. पोलाद चुंबकाला धरतं, ॲल्युमिनियम धरत नाही. चेन आणि दाते पोलादाचे, झाकण ॲल्युमिनियमचं.

त्यानंतर मापायचं. दवाखान्यातली ५० मिलीची मोठी सिरिंज, सुईशिवाय. निघालेलं तेल सिरिंजनं ओढून डब्यात टाकायचं आणि किती वेळा ओढलं ते मी मोठ्यानं म्हणायचं. घातलं होतं आठ सिरिंजा आणि नवव्या वेळी थोडं. आठच्या आसपास निघालं तर ठीक. सहाच निघालं तर कुठून तरी झिरपतंय. रबराची रिंग बघा, खालच्या फरशीवरचे डाग बघा. दहा निघालं तर गोष्ट जास्त अवघड. बाहेरून कुणी ओतलेलं नाही, मग जास्तीचं आलं कुठून? इंजिनातून. क्रँक जिथून क्लचकेसमध्ये येतो तिथलं ऑइल सील सैल झालं की इंजिनाचं तेल या बाजूला उतरतं. म्हणजे इथलं वाढलं तर तिथलं कमी झालंय, हे तिथलं न बघता कळतं. आबांना हे फार आवडायचं. मुक्या जनावराच्या पोटात काय चाललंय ते शेणावरून आणि गोमूत्रावरून ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. गाडीचं तेल ते त्याच हातांनी बघायचे. त्यासाठी त्यांनी दुसरी विद्या शिकली नव्हती.

एक पावसाळा मला अजून डोळ्यांसमोर आहे. मी सातवीत असेन. संध्याकाळी एका वाडीवरून निरोप आला, म्हैस अडलीय. वासरू आडवं आलंय. आबा रेनकोट घालून निघाले. वाटेत ओढा. एरवी घोट्याएवढं पाणी असायचं, त्या दिवशी ते गाडीच्या फुटरेस्टच्या वर होतं. घालू नये तिथं त्यांनी गाडी घातली. पलीकडे निघाले, वासराचं डोकं सरळ केलं, रेडकू जिवंत आलं, आणि रात्री एक वाजता त्याच ओढ्यातून परत. आई दारात कंदील घेऊन उभी होती. पावसात तिकडे दिवे जायचेच. आबा काही न बोलता झोपले. सकाळी मात्र ते दवाखान्यात जायच्या आधी क्लचकेसपाशी बसले.

तेल निघालं ते बघून मी घाबरले. काकवीसारखं नाही, काळं नाही. दुधाच्या चहासारखं, वर फेस. आबांनी ट्रे माझ्यापुढे धरला आणि विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, पाणी. "पाणी," ते म्हणाले, "आणि चेननं ते रात्रभर घुसळलंय." तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे शाळेत शिकलेलं, पण चेन एका मिनिटात शेकडो फेऱ्या मारते आणि ताक घुसळल्यासारखं दोघांना एक करून टाकते. त्या मिसळीत चेनवर तेलाचा पडदा टिकत नाही, पोलाद गंजायला लागतं, क्लचच्या प्लेटांमधली बुचं पाणी पितात. त्या सकाळी त्यांनी तीन वेळा तेल घातलं आणि काढलं. दोनदा नुसतं धुवायला. प्रत्येक वेळी ट्रेमधला रंग थोडा गडद, थोडा शुद्ध. तिसऱ्या वेळी तपकिरी आलं तेव्हा ते उठले. दवाखान्यात पोचायला उशीर झाला त्या दिवशी. बाहेर माणसं गाई-म्हशी घेऊन बसली होती. ते फार हळहळले. पण गाडीचं तसंच सोडून गेले असते तर पुढच्या वाडीवर पोचलेच नसते.

झाकण बसवायला मी शिकले ते आबांकडून नाही, कोल्हापुरात. उद्यमनगरात आमचे एक मिस्त्री होते. आजूबाजूला फाउंड्र्या, लेथ, पिठाच्या गिरण्यांचे आणि ऑइल इंजिनांचे सुटे भाग, आणि त्या सगळ्या खणखणाटात यांचं दहा बाय दहाचं गॅरेज. फक्त बुलेट. भिंतीवर पान्यांचे दोन संच टांगलेले: एक मिलिमीटरचा, एक इंची. इंची संचाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ही विलायतेची पोरगी आहे ना, माप तिकडचं. ते खरंच होतं. बुलेट मुळात इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ साली तिथल्या रॉयल एनफिल्डनं मद्रासच्या मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया काढली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला गाडी तयार व्हायला लागली. रेडिचचा कारखाना पुढे बंद झाला, इंग्लंडमध्ये ती गाडी संपली, पण आपल्याकडे तेच इंजिन, तीच वेगळी गिअरबॉक्स आणि दोघांना जोडणारी तीच चेनकेस पुढे अर्धं शतक निघत राहिली. एका देशानं टाकलेली घडण दुसऱ्या देशातल्या मिस्त्रींनी हातांत सांभाळली. ज्यांनी रेडिच नकाशात पाहिलेलं नाही, त्यांच्या बोटांना रेडिचचे आटे पाठ होते.

तर झाकण. मी नट आवळत होते, जोर लावून, दात ओठावर रोवून. तेल गळू नये म्हणून जितकं घट्ट तितकं बरं, असा माझा हिशेब. मिस्त्रींनी पान्यावर हात ठेवला. "बस्स ताई. आवळायचं नाही, बसवायचं." मग त्यांनी मला झाकणाच्या कडेवर बोट फिरवायला लावलं. मधला नट जास्त आवळला की मध्य आत जातो आणि कडा बाहेर उचलल्या जातात. मध्यावर एक नट, म्हणून सगळा दाब मध्यावर. कडेला जी नजरेला दिसतही नाही अशी फट पडते, तेल तिथून येतं. गळती थांबवायला लोक आणखी आवळतात, आणि गळती आणखी वाढते. त्यांनी नट सोडला, खाच कापडानं कोरडी पुसली, रिंग चारही बाजूंनी बोटानं दाबत खाचेत बसवली, कुठं पीळ नाही ना बघितलं, झाकण लावलं, एका हातानं ते दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं नट फिरवला. पाना जिथं आपणहून थांबला, तिथून पाव फेरा पुढे. तेवढंच. त्या पाव फेऱ्याचा जोर माझ्या मनगटात उतरायला दोन वर्षं लागली.

माझी मोठी चूक त्यानंतरची. आबा निवृत्त झाले होते, गाडी माझ्याकडे आली होती, आणि मला वाटत होतं की आता मला सगळं येतं. दिवाळीनंतरचं तेल मी एकटीनं बदलायला घेतलं. दुकानात गेले, आणि आबांच्या गाडीला आपण सगळ्यात चांगलं तेल घालायचं म्हणून सगळ्यात महाग डबा उचलला. चारचाकीसाठी असलेलं सिंथेटिक. पातळ, मधासारखं स्वच्छ, डब्यावर लिहिलेलं की घर्षण कमी होतं, पेट्रोल वाचतं. आठ सिरिंजा मोठ्या प्रेमानं भरल्या. गाडी इतकी मऊ चालायला लागली की मी खूश झाले.

पंधरा दिवसांनी कणकवलीहून परत येत होते. मागे धाकटा भाऊ, त्याच्या मांडीवर नारळांचं पोतं. फोंडा घाट चढायला लागलो. तिसऱ्या वळणावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढत होता आणि गाडी चढत नव्हती. गिअर खाली घेतला, आवाज अजून वर, गाडी तशीच. जणू इंजिन एकीकडे आणि चाक एकीकडे, मधे कुणीतरी हात सोडलाय. थांबलो. क्लचकेसला हात लावला तर चटका बसला. भाऊ पोतं घेऊन उतरला आणि चालायला लागला. मी रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू, थांबत थांबत वर आणली. दाजीपूरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि जंगलातून गार वारा येत होता. तासभर गाडी तशीच उभी ठेवली. त्या तासात मला एकच वाटत होतं, मी आबांची गाडी मोडली.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. क्लच वायर, प्लेटा, स्प्रिंगा, मला जे सुचलं ते. आबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तेल कुठलं घातलंस?"

मिस्त्रींनी प्लेटा काढल्या, पेट्रोलमध्ये धुतल्या, घासल्या, पुन्हा धुतल्या. वर्तमानपत्रावर मांडून वाळवल्या. क्लचकेस धुऊन घेतली. काम करताना त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठल्या पुस्तकात इतक्या थोडक्यात वाचलेलं नाही. "चेनीला सरकायला पायजे, प्लेटींना धरायला पायजे. एका तेलात दोघांचं भागवायचंय, ताई."

तेव्हा मला त्या झाकणाआडची अडचण खरी समजली. चेनला निसरडेपणा हवा. प्रत्येक कडी, प्रत्येक दाता तेलाच्या पडद्यावरून घरंगळला पाहिजे, नाहीतर पोलाद पोलादाला खाईल. आणि तिथंच हातभर मागे क्लच, ज्याचं सगळं आयुष्य पकडीवर. स्प्रिंगांनी दाबलेल्या प्लेटांनी एकमेकींना धरून ठेवलं तरच इंजिनाची ताकद पुढे जाते. एकीला जे जितकं जास्त हवं, तितकं दुसऱ्याला ते कमी हवं. तरी दोघांना तेल एकच, भांडं एकच. चारचाकीचा क्लच बहुधा कोरडा असतो, त्यामुळे तिच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं मुक्तपणे घालता येतात. तेच तेल ओल्या क्लचमध्ये गेलं की ते प्लेटांनाही सरकायला शिकवतं. म्हणून दुचाकीच्या तेलाच्या डब्यावर जासो एमए अशी एक बारीक खूण असते. जपानी मानक संस्थेची, ओल्या क्लचला चालेल असं सांगणारी. मी त्या दिवसापासून डबा उलटा करून आधी ती खूण शोधते. चांगलं तेल म्हणजे महाग तेल नाही, गुळगुळीत तेलही नाही. जिथं घालायचं तिथल्या दोघांनाही सोसेल ते चांगलं, आणि हे मला घाटात तिसऱ्या वळणावर कळलं.

आता बुलेटचं नवं इंजिन एकजीव आहे. २००९ च्या आसपास इंजिन आणि गिअरबॉक्स एका पेटीत आले, आणि पिस्टन, गिअर, क्लच, चेन या सगळ्यांना मिळून एकच तेल. एकदा बदललं की सगळ्यांचं बदललं. खिडकीतून पातळी बघायची. माझ्या भावाकडे ती गाडी आहे आणि ती अतिशय चांगली आहे, लांबच्या प्रवासाला मी तीच मागते. तिच्यात विसरायला जागाच ठेवलेली नाही. जुन्या गाडीत मात्र प्रत्येक कप्प्याची तब्येत वेगळी विचारावी लागते, आणि मला ते विचारणं आवडतं. इंजिन दमलंय पण क्लच ठणठणीत आहे, गिअरबॉक्स कुरकुरतेय पण चेन खूश आहे, असं निरनिराळं कळतं. एका तेलात सगळं मिसळलं की चमक दिसते, पण ती कुणाची ते सांगणं अवघड जातं.

आबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. काचबिंदूनं नजर गेली, म्हणजे उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, त्यापुढे नाही. या मे महिन्यात रविवारी मी गाडी अंगणात घेतली तेव्हा ते खुर्ची ओढून जवळ येऊन बसले. सलाईनची बाटली मी ठेवली. फुगा मधे आला का, त्यांनी विचारलं. आला म्हटलं. फुटरेस्ट, पेडल, नट. झाकण थोपटलं, तेल उतरलं. मी ट्रे उजेडाकडे कलता केला. तपकिरी, वास बरा, आणि थर पातळ झाला तेव्हा त्यात बारीक, अगदी पिठासारखी चमक. मी काही बोलले नाही. ट्रे त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बोट बुडवलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हळूहळू फिरवायला लागले, डोळे अंगणाच्या भिंतीकडे. बराच वेळ फिरवत राहिले. या दोन बोटांनी त्यांनी हजारो जनावरांच्या सडांतली पहिली धार काढलेली आहे. "धातू आहे," ते म्हणाले. "पण टोचत नाही. मऊ आहे. चुंबक लाव."

मी चुंबक फिरवलं. कोरडं निघालं. चमक ट्रेमध्ये होती तशीच.

"मग चेन कुठंतरी भिंतीला लागतेय. सैल झालीय बघ."

टॉर्च घेऊन मी आत वाकले. क्लचकेसच्या आतल्या भिंतीवर, चेनच्या वाटेत, नखाएवढी एक नवी रेघ होती, चांदीच्या तारेसारखी चकचकीत. आजूबाजूचं ॲल्युमिनियम तेलानं काळवंडलेलं आणि तेवढीच रेघ उघडी. मी चेन बोटानं वर-खाली करून बघितली. पाव इंच हलायला हवी, अर्ध्याहून जास्त हलत होती. हातानं किक दाबून इंजिन थोडं फिरवलं, पुन्हा बघितलं, पुन्हा फिरवलं. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथं सगळ्यात ताठ असेल तिथं पाव इंच धरायचा, नाहीतर सैल जागेवर नीट केलेली चेन ताठ जागेवर तुटायला येते. चार ठिकाणी बघून मी खालचा टेन्शनर वर घेतला. अल्टरनेटरच्या भोवतीची फट पोस्टकार्ड सरकवून पाहिली; सगळीकडून सारखी होती. आबा प्रत्येक टप्प्याला विचारत होते आणि मी सांगत होते.

रिंग खाचेत बसवली. झाकण लावलं, एका हातानं दाबून धरलं. पाना थांबला, पाव फेरा पुढे.

मग वरच्या भोकातून सिरिंज. आबांनी मोजायचं म्हटलं, मी भरायचं. एक, दोन, तीन, ते मोठ्यानं म्हणत होते, लहानपणी मी म्हणायची तसं. आठ झाल्या. नववी मी अर्धवट भरली आणि थेंबाथेंबानं सोडली. खाली पातळीचं बुच काढून ठेवलं होतं, त्या भोकातून तेलाची बारीक धार यायला लागली. पातळी वर गेली की जास्तीचं इथून बाहेर पडतं. धार थांबून मग थेंबही थांबले की बुच लावायचं; त्याआधी नाही, नंतर नाही. खाली पांढरा ट्रे होता. नव्या तेलाचे सोनेरी थेंब त्यावर पडत होते आणि प्रत्येकाचा एनॅमलवर टक् असा आवाज येत होता. आबा ऐकत होते.

"थांबलं?"

"नाही अजून."

आणखी दोन पडले. मग बऱ्याच वेळानं एक. मी बुच हातात धरून बसले.